देवावरची प्रीती आणि जगाची ओढ: रोजच्या जगण्यात क्रम कसा लावायचा

एकदा रविवारच्या उपासनेत साक्ष देऊन, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे सांगून, मी जागेवर येऊन बसलो आणि पाळकांचं पुढचं सगळं प्रवचन माझ्या डोक्यावरून गेलं. साक्ष देवाच्या कृपेची होती. माझं लक्ष मात्र पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या चेहऱ्यांवर होतं. आवडलं का त्यांना? उपासना सुटल्यावर कोणी काहीच बोललं नाही, तेव्हा मी लहान मुलासारखा हिरमुसलो. घरी येता येता लक्षात आलं, की ज्याच्याविषयी एवढं बोललो त्याला ते आवडलं की नाही, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

तोवर माझी पक्की समजूत होती की जगाची ओढ म्हणजे पैसा, व्यसन, व्यभिचार, चैन. यातलं काही आपल्याला शिवलेलं नाही, तेव्हा आपण सुखरूप. माझं जग उपासनेला माझ्याबरोबरच येऊन बसत होतं आणि त्याचं नाव होतं वाहवा.

पुढे जे लिहिलंय ते विश्वासात काही वर्षं काढलेल्यांसाठी आहे. प्रार्थना चालू आहे, पवित्र शास्त्र वाचनात आहे, मंडळीत सेवाही आहे. पण एकटं असताना स्वतःशी कबूल करावं लागतं की पहिल्या जागेवर दुसरंच कोणीतरी बसलंय. अशांसाठी या पायऱ्या. काही एका संध्याकाळीत होतात, काहींवर मी अजून घुटमळतोय.

आधी 'जग' म्हणजे काय ते नीट पाहून घ्या

योहानाच्या शुभवर्तमानात (३:१६) देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला. योहानाच्याच पहिल्या पत्रात (२:१५) मात्र जगावर प्रीती करू नका असं बजावलंय. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे, कॉसमॉस. मग देवाने करावी आणि आपण करू नये, असा हा प्रकार आहे का?

उत्तर पत्रातच, पुढच्या वचनात मिळतं. देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी, असं योहान त्या जगाचं वर्णन करतो. तिन्ही गोष्टी नीट पाहा. यात घर, काम, मुलंबाळं, कला, पैसा यांतलं काहीच नाही. आहे ते आपल्या मनाचं त्या गोष्टींना चिकटणं. शरीराला हवं ते आत्ताच हवं. दिसलं की आपलं व्हावं. आणि जे आपलं झालं त्याच्या जोरावर चारचौघांत मान ताठ व्हावी. देवाने प्रीती केली ती माणसांच्या जगावर. आपल्याला जी प्रीती नको म्हटलंय ती या ओढीवरची.

प्रेषित पौल तर आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात उलट बाजूने सांगतो की देवाने उत्पन्न केलेलं सर्व चांगलं आहे (१ तीमथ्य ४:४) आणि आपल्या उपभोगासाठी विपुल देणाराही देवच आहे (६:१७). तेव्हा जेवणाची चव घेताना, बायको-मुलांबरोबर हसताना, नोकरीत बढती मिळाल्यावर आनंद होताना आपण देवाचं काही चोरतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. असं अपराधीपण बाळगणारे बरेच भाऊबहिणी मी पाहिलेत. त्यांचं देवावरचं प्रेम वाढलेलं दिसलं नाही, स्वभाव तेवढा कडू झाला.

लूक १४:२६ मध्ये आईबापांचा द्वेष करण्याविषयी येशूचं जे कठीण वचन आहे, त्याची किल्ली मत्तय १०:३७ मध्ये सापडते. तिथं शब्द आहे 'अधिक'. माझ्यापेक्षा अधिक प्रीती. सगळा प्रश्न या एका शब्दाचा आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने सद्गुणाची अगदी थोडक्यात व्याख्या केली ती हीच: प्रेमाचा योग्य क्रम.

म्हणून कामाची सुरुवात कागदावर करा. दोन रकाने पाडा. एका बाजूला शास्त्राने सरळ सरळ मना केलेल्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला चांगल्या असूनही चुकीच्या जागी बसलेल्या. पहिल्या रकान्यातल्या गोष्टींचा क्रम लावायचा नसतो. लबाडीचा पैसा किंवा लपवलेले संबंध दुसऱ्या नंबरवर ढकलले म्हणून पवित्र होत नाहीत, ते सोडायचेच असतात, आणि सोडायला मदत लागत असेल तर आजच कोणाला तरी सांगायचं. दुसऱ्या रकान्याचं काम नाजूक आहे, कारण तिथली प्रत्येक गोष्ट म्हणते, "माझ्यात वाईट काय आहे?" आणि तिचं खरंच असतं.

पहिली पायरी: पहिल्या जागेवर कोण बसलंय ते शोधा

"माझी देवावर प्रीती आहे का?" हा प्रश्न स्वतःला विचारू नका. उत्तर 'हो'च येतं. पौलाचा सोबती देमास यानेही तेच दिलं असतं. कलस्सैकरांच्या पत्रात (४:१४) पौल त्याचं नाव लूकबरोबर घेतो, फिलेमोनाच्या पत्रात त्याला सहकारी म्हणतो, आणि दुसऱ्या तीमथ्यात (४:१०) एवढंच लिहितो की देमासाला आताचं युग प्रिय झालं आणि तो मला सोडून थेस्सलनीकास गेला. मधल्या काळात काय घडलं ते शास्त्र सांगत नाही. एका रात्रीत तर नक्कीच घडलं नसावं.

त्यापेक्षा सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा आणि रोज या चार प्रश्नांची उत्तरं लिहा. आज मोकळ्या क्षणी मन आपोआप कुठं गेलं? कशाला धक्का लागल्यावर मी प्रमाणाबाहेर चिडलो किंवा घाबरलो? घरच्यांपासून किंवा मंडळीपासून मी काय लपवलं? आणि देवाने आज एखादी गोष्ट मागितली असती तर कोणत्या गोष्टीसाठी मी वाद घालायला बसलो असतो? उत्तरं एका ओळीची असोत. सुवाच्य नकोत, सुंदर तर मुळीच नकोत. सातव्या दिवशी वही वाचली की एकच नाव वेगवेगळे कपडे घालून पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल.

माझ्या वहीत राग होता एका सहकाऱ्यावर, भीती होती एका बैठकीची, मन रेंगाळत होतं एका जुन्या कौतुकाभोवती. तीन वेगळे आजार वाटत होते. औषध एकच लागणार होतं.

मार्क १० मधला श्रीमंत माणूस आठवा. आज्ञा त्याने लहानपणापासून पाळल्या होत्या आणि येशूने त्याला खोटं पाडलं नाही. एकाच गोष्टीवर बोट ठेवलं, ते त्याच्या मालमत्तेवर: सर्व विकून गोरगरिबांना दे. श्रीमंत जकातदार जक्कय याला येशूने असं काही सांगितल्याची नोंद नाही, त्याने आपणहून अर्धं द्यायचं जाहीर केलं (लूक १९:८). प्रत्येकाचं बोट ठेवायचं ठिकाण वेगळं. कोणाचं मुलाच्या यशावर, कोणाचं आरोग्यावर, कोणाचं घराच्या टापटिपीवर, कोणाचं लग्न ठरण्यावर. दुसऱ्याच्या ठिकाणावर आपण बोट ठेवू नये. (सर्व विकून टाका हे वचन ज्यांच्याकडे विकायला काही नाही त्यांनाच जास्त ऐकवलं जातं, असं माझं निरीक्षण आहे.)

शोध लागला की त्याला नाव द्या. "प्रभू, मला ऐहिक गोष्टींपासून दूर ठेव" ही प्रार्थना इतकी मोघम आहे की तिचं उत्तर आलं तरी कळणार नाही. "प्रभू, लोकांनी मला हुशार म्हणावं म्हणून मी मरतोय" ही करून पाहा. जीभ अडखळते. अडखळली म्हणजे बरोबर जागी पोचलात.

दुसरी पायरी: घर रिकामं ठेवू नका

इथं मी मोठी चूक केली. नाव कळल्यावर मी तीन महिने साक्ष देणं, प्रार्थना पुढे येऊन करणं, सगळं बंद केलं. वाहवाच मिळाली नाही तर तिची भूक मरेल, असा हिशेब. झालं काय, तर आपण किती नम्रपणे मागे बसलोय याचंच मला कौतुक वाटायला लागलं. इतरांनाही ते दिसावं अशी इच्छा होती, हे सांगायला नकोच.

येशूने मत्तय १२:४३-४५ मध्ये हेच सांगितलंय. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-सुशोभित झालं, पण रिकामं राहिलं; मग तो आपल्यापेक्षा वाईट असे सात घेऊन परत आला. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स (१७८०-१८४७) यांनी या विषयावर एक प्रसिद्ध प्रवचन दिलं होतं. त्याचं सार असं की जुनी आवड नुसत्या निर्धाराने हुसकली जात नाही, तिच्याहून बलवान नवी आवड आत आली तरच ती जागा सोडते.

नवी आवड आणायची कुठून? स्वतःच्या छातीवर दाब देऊन प्रेम निघत नाही. योहान क्रम स्पष्ट करतो: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो (१ योहान ४:१९). आपलं काम आधी त्या प्रीतीपुढे रोज जाऊन बसायचं. त्यासाठी मला जी पद्धत लागू पडली ती जरा तपशिलाने सांगतो, कारण बाकी सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

सकाळी पंधरा-वीस मिनिटं, फोन हातात घ्यायच्या आधी. मार्कचं शुभवर्तमान घ्या. ते चारांत सर्वांत लहान, १६ अध्यायांचं, आणि त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो. एका दिवशी एकच प्रसंग. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, मग मनात सावकाश. वाचून झाल्यावर "मी आज काय करावं?" हा प्रश्न बाजूला ठेवा. धार्मिक माणसाला तो फार लवकर सुचतो आणि पुन्हा सगळं 'मी'भोवती फिरू लागतं. फक्त एवढं विचारा: इथं येशू कसा आहे?

उदाहरणार्थ, त्याच श्रीमंत माणसाचा प्रसंग. इतकी वर्षं मी तो कठीण आज्ञेचा उतारा म्हणून वाचत आलो होतो. या पद्धतीने वाचताना २१व्या वचनाच्या सुरुवातीलाच थबकलो. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. मग सांगितलं की तुझ्यात एक गोष्ट उणी आहे. मागणी नंतर आली, नजर आधी. तो माणूस मागणी ऐकून खिन्न होऊन गेला. त्या नजरेकडे त्याचं लक्ष गेलं होतं का, कोण जाणे.

मग एकच वाक्य लिहा, थेट त्याला उद्देशून. "प्रभू, तू मागण्याआधी बघतोस." तेवढ्यासाठी आभार माना. दिवसभरात रांगेत उभं असताना, भांडी घासताना, जिना चढताना ते वाक्य मनात आणा. बस. पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी असं होईल की तुम्ही ते वाक्य मुद्दाम आठवलं नव्हतं, तेच तुम्हाला आठवलं.

सकाळ जमत नसेल, लहान मूल असेल, रात्रपाळी असेल, तर दुसरी वेळ घ्या. येशू पहाटे उठून एकांतात गेला (मार्क १:३५) हे खरं, पण पहाटेला स्वतंत्र पुण्य नाही.

तिसरी पायरी: मागे राहिलेली चव पाहायला शिका

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला एक स्पॅनिश सरदार घरी अंथरुणावर पडून होता. वाचायला त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या जीवनावरची पुस्तकं. पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं पाहायचा: कधी एका थोर स्त्रीची मर्जी संपादन करण्यासाठी गाजवायच्या पराक्रमांची, कधी संतांसारखं सगळं सोडून देवामागे जाण्याची. रंगायचा तो दोन्हींत. पण पुढे त्याच्या ध्यानात आलं, की पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं आणि असमाधानी राहतं, दुसरी ओसरल्यावरही प्रसन्नता टिकते. तो इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक. पुढे त्याने रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत शिकवली, तिच्या मुळाशी ही साधी नोंद आहे.

आपल्याला ती अशी वापरता येते. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं. आधी दिवसातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल आभार, अगदी नेमक्या गोष्टींबद्दल. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या आणि जिथं मन जोरात ओढलं गेलं तिथं थांबा. विचारा, त्या क्षणी कसं वाटलं हे सोड, तासाभराने काय उरलं होतं? जे चुकलं त्याची क्षमा मागा, उद्याच्या एका अवघड प्रसंगाचं नाव घेऊन मदत मागा, दिवा मालवा.

मला यातून कळलं की वाहवा साधारण तासभर गोड लागते आणि नंतर पहिल्यापेक्षा जास्त भूक लावते. कोणाला न सांगता केलेलं एखादं काम त्या वेळी फिकं वाटतं, पण रात्री त्याची चव जिभेवर असते. हे मला कोणी प्रवचनात सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरलो असतो. चाळीसएक रात्री स्वतःच पाहिल्यावर वाद घालायला जागा उरली नाही.

एक सावधगिरी. हा पंचनामा होऊ देऊ नका. ज्यांचा स्वभाव मुळात स्वतःला टोचणारा आहे त्यांनी आभारांना सात मिनिटं द्यावीत आणि बाकीच्याला तीन.

चौथी पायरी: 'नाही' म्हणायचा सराव

डोंगरावरील प्रवचनात येशू "तुम्ही उपास करता तेव्हा" असं म्हणतो, 'केलात तर' असं म्हणत नाही (मत्तय ६:१६). उपासाने देवाची मर्जी विकत मिळत नाही. तो आपल्याला आपलं खरं रूप दाखवतो. एक जेवण चुकलं की संध्याकाळी जी चिडचिड बाहेर येते ती उपासाने निर्माण केलेली नसते, पोट भरलेलं असल्यामुळे ती एरवी झाकलेली असते.

आठवड्यातून एका जेवणापासून सुरुवात पुरे. ती वेळ प्रार्थनेत घालवा, आणि वाचलेलं अन्न किंवा पैसा गरजवंताला द्या. यशया ५८ मधला उपास असाच आहे. मधुमेह, गर्भारपण, नियमित औषधं किंवा खाण्याशी संबंधित मानसिक त्रास असेल तर अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. देवाला त्यात काही कमी पडत नाही.

खरी मेख अशी, की उपास आपल्या ओढीच्या मापाचा हवा. ज्याला जेवणाची फारशी आवडच नाही त्याने जेवण सोडून काय साधणार? ज्याची नजर दिवसभर दुसऱ्यांच्या फोटोंवर फिरते आणि मग स्वतःचं घर, स्वतःचा जोडीदार फिका वाटू लागतो, त्याने आठवड्यातला एक दिवस फोनमधली ती अ‍ॅप बंद ठेवावीत. ज्याला खरेदीने बरं वाटतं त्याने आवडलेली वस्तू तीस दिवस यादीत लिहून ठेवावी. ज्याला शेवटचा शब्द आपलाच हवा असतो त्याने दिवसातून एकदा तो दुसऱ्याला घेऊ द्यावा (हा उपास पहिल्या तिघांपेक्षा अवघड आहे).

माझ्यासाठी उपाय निघाला तो मत्तय ६:३-४ मधून. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. दर आठवड्याला एक काम असं करायचं की ते कोणालाही, घरीही, कधीही कळणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत मी ते सांगण्यासाठी अक्षरशः निमित्तं शोधत होतो. आता निमित्तं शोधणं कमी झालंय. संपलं म्हणणार नाही.

पाचवी पायरी: पैसा हलवा, मन मागून येईल

मत्तय ६:२१ आपण बहुतेक वेळा उलटं वाचतो. जिथं मन तिथं धन, असं तिथं नाही. जिथं तुझं धन आहे तिथं तुझं मनही लागेल, असं आहे. म्हणजे मन बदलायची वाट पाहत बसायची गरज नाही. पैसा आधी सरकवता येतो.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांनी ऑक्सफर्डच्या आपल्या सुरुवातीच्या मंडळींतल्या एकाची हकीगत सांगितली आहे. त्याचं वर्षाचं उत्पन्न ३० पौंड होतं, २८ मध्ये त्याने भागवलं आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८च, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, दिले ९२. मला यात दानाच्या आकड्यापेक्षा तो न हललेला २८ महत्त्वाचा वाटतो. त्याने 'पुरे' कुठं म्हणायचं हे उत्पन्न वाढण्याआधी ठरवलं होतं. वाढल्यावर ठरवायला बसलं की गरजाही आपल्याबरोबर बसतात.

तेव्हा घरातल्या सर्वांना घेऊन बसा आणि तुमचा २८ ठरवा. घरभाडं, शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, सगळं प्रामाणिकपणे धरून. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाचे शब्द फार कडक आहेत (१ तीमथ्य ५:८), तेव्हा मुलांच्या फीचे पैसे दानपेटीत टाकण्यात काही मोठेपणा नाही. जोडीदार राजी नसेल तर थांबा, छोट्या रकमेपासून सुरू करा. ठरलेलं दान पैसा हातात आल्याच दिवशी वेगळं काढा, कारण महिनाअखेरीला उरलेलं देऊ म्हटलं की काही उरत नाही. त्यातला काही भाग तरी अशा ठिकाणी जाऊ दे जिथून आभाराचं पत्रसुद्धा येणार नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. 'द्या म्हणजे देव तुम्हाला दुप्पट-चौपट देईल' असं सांगणारा माणूस तुम्हाला देवाच्या नावाने धनाची सेवा शिकवतोय. त्यासाठी स्तोत्र ३७:४ बरंच वापरलं जातं, परमेश्वर तुझे मनोरथ पूर्ण करील म्हणून. त्याच वचनाचा पहिला भाग वाचा: परमेश्वराच्या ठायी आनंद. ज्याचा आनंदच परमेश्वर झाला, त्याच्या मनोरथांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं असेल?

सहावी पायरी: एका माणसाला सांगा

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगतं. मंडळीपुढे उभं राहून नको, एकच माणूस शोधा: आपल्याच लिंगाचा, तोंड बंद ठेवणारा, आणि ऐकून ना हादरणारा ना हसणारा. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास. त्याने एकच प्रश्न विचारायचा, तोही तुम्ही आधी लिहून दिलेला. माझ्या मित्राचा माझ्यासाठीचा प्रश्न आहे, "या पंधरवड्यात कोणासमोर नाटक केलंस?" उत्तर दिल्यावर तो उपदेश करत नाही, प्रार्थना करतो आणि चहा टाकतो.

घसरलात तर

घसराल. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशूने न्याहारीसाठी विस्तव पेटवला होता, तोही कोळशाचा (२१:९). योहानाने हा तपशील दोन्हीकडे उगाच दिलेला नसावा. त्या धुराच्या वासातच पेत्राला तीनदा विचारलं गेलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? "असं का केलंस?" हे एकदाही विचारलं नाही. आणि प्रत्येक उत्तरावर काम सोपवलं गेलं.

आपण मात्र पडल्यावर स्वतःला आठवडाभर कोपऱ्यात उभं करतो. प्रार्थना करायला तोंड नाही म्हणून करत नाही, आणि त्या रिकाम्या आठवड्यात जुनी ओढ पाय पसरून बसते. इफिसच्या मंडळीने पहिली प्रीती सोडली तेव्हा तिला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: कुठून पडलीस ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर (प्रकटीकरण २:५). तिसरी विसरू नका. पहिली भावना परत आण असं सांगितलेलं नाही. कृत्यं हातातली आहेत. पडलेल्याच रात्री क्षमा मागा आणि दुसऱ्या सकाळी मार्कचा पुढचा प्रसंग उघडा. आदल्या दिवसाचा राहिला असेल तर राहू द्या.

काहीच वाटत नाही अशा दिवसांत

हे दिवस येतातच, आणि मग वाटतं की आपली प्रीतीच आटली. येशूने प्रीतीची खूण सांगितली ती आज्ञा पाळणं (योहान १४:१५), ऊर भरून येणं नव्हे. ज्या सकाळी काही वाटत नाही आणि तरीही तुम्ही वीस मिनिटं बसता, त्या सकाळी तिथं बसण्याचं दुसरं कोणतंही आमिष नसतं. मला तर त्या सकाळी जास्त मोलाच्या वाटतात, जरी त्या वेळी तसं अजिबात वाटत नाही.

या काळात स्तोत्र ७३ जवळ ठेवा. हे स्तोत्र रचणाऱ्या आसाफाला दुष्टांच्या भरभराटीचा हेवा वाटतो, आपण मन शुद्ध ठेवलं ते व्यर्थ गेलं असं तो उघड म्हणतो. वळण येतं १७व्या वचनात, तो देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. २५व्या वचनात स्वर्गात तुझ्याशिवाय मला कोण आहे, असं तो म्हणतो, पण तिथं पोचायला त्याला चोवीस वचनं लागली आणि त्यातली बरीचशी तक्रारीची आहेत. स्तोत्र ८८ला तर असं वळणही नाही, ते अंधारातच संपतं. तेही शास्त्रात आहे, आणि तीही प्रार्थनाच आहे.

मात्र कोरडेपणाबरोबर झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला प्रीतीची उणीव म्हणू नका. पाळकांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा.

किती दिवसांत फरक पडतो, असं मला एकदोघांनी विचारलं. गेल्या महिन्यात पुन्हा साक्ष द्यायची पाळी आली. देऊन जागेवर बसलो आणि नजर पुढच्या रांगेकडे गेलीच. दोन चेहरे पाहिलेही. मग पाळकांनी शास्त्र उघडलं. त्या दिवशी त्यांनी कोणत्या उताऱ्यावर प्रवचन केलं, ते या वेळी मला सांगता येईल.